एकोणीस संघांचा गडी

तो माझ्या प्लांट रूममध्ये पहिल्यांदा आला तो पाठमोरा. आधी रुंद पाठ दिसली, मग मानेवरची टाक्यांची खूण, मग तो वळला आणि समोरचे दोन दात नसलेल्या तोंडाने मनापासून हसला. मी कॉम्प्रेसरच्या तेलाची पातळी बघत होतो. हातात सामान असेल म्हणून पाठीने दार ढकललं असेल, असं मला वाटलं. पण हात रिकामे होते.

"सवय हाये भाऊ," तो म्हणाला. "आमचा धंदाच उलटं चालायचा."

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ख्राइस्टचर्चपासून दीड तासावरच्या आमच्या लहान गावात, मे महिन्याच्या थंडीत, बर्फाच्या रिंकच्या मागच्या खोलीत कुणी आपल्याशी वऱ्हाडीत बोलेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. दारावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचून तो आत आला होता. मी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, "अकोल्याचा का रे तू?"

"मी नाई. माय-बाप अकोल्याचे. मी कॅनडाचा."

मी मूळचा सांगलीकडचा. आधी तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजवर होतो, मग हॅमिल्टनला दुधाच्या कारखान्यात, आणि गेली नऊ वर्षं या रिंकवर. बेदाणे गार ठेवले, दूध गार ठेवलं, आता नुसतं पाणी गार ठेवतो. काँक्रीटच्या पोटात नळ्यांचं जाळं, नळ्यांतून गोठणबिंदूच्या खूप खाली गेलेलं खारं पाणी, आणि वर दोन बोटं जाडीचा बर्फ. लोकांना वाटतं, बर्फ एकदा केला की झाला. तो रोज करावा लागतो.

आमच्या गावाचा आइस हॉकीचा संघ म्हणजे सुतार, शिक्षक, इलेक्ट्रिशियन अशा हौशी मंडळींचा. बाहेरच्या देशातून दोन व्यावसायिक खेळाडू आणायची लीगमध्ये मुभा असते. त्यांना यायचं-जायचं तिकीट, राहायला एक खोली आणि दिवसा रिंकवर काम. त्या वर्षी त्या दोघांपैकी एक हा. वय अडतीस. जागा बचावपटूची. समोरचा गडी काठीने खेळाची रबरी चकती घेऊन वेगाने येतो, तेव्हा बचावपटू त्याच्याकडे तोंड करून मागे मागे घसरत जातो आणि वाट अडवतो. सतरा वर्षं तो हेच करत होता. त्यामुळे सुपरमार्केटमध्येही बोलता बोलता तो उलटा चालायचा, आणि कधी एखाद्या ट्रॉलीला धडकल्याचं मी पाहिलं नाही.

सतरा वर्षांत एकोणीस संघ. हा आकडा तो स्वतःच सांगायचा, आणि दोन मुलांचा बाप ज्या सुरात मुलं मोजतो त्या सुरात. गावांची नावं त्याला आठवत नसत, बर्फ आठवायचा. "एका ठिकानी छप्पर गळे, बर्फावर टेंगळं येत. एका ठिकानी दुपारी ताक होऊन जाये, दक्षिण फ्रान्सात. अमेरिकेत एक रिंक तर गुरांच्या बाजाराच्या हॉलात होती भाऊ, बर्फाले शेनाचा वास!" चांगल्या बर्फाचे क्लब त्याला ठेवून घेत नसत. तो संथ होता. हंगामाच्या मध्यात मॅनेजर बोलावून घ्यायचा, खोलीचं दार लावायचा, आणि दार लागलं की हा उठून बॅग उचलायचा. पुढचं ऐकायची गरजच नसायची.

एवढ्या वर्षांत एकही कप नाही. तीन अंतिम सामने हरलेला. चौथ्या वेळी संघ जिंकला, पण त्याला सोडून दिल्यावर पंधरा दिवसांनी. हे त्याने मला गाडी धुता धुता सांगितलं. बर्फ घासायची ती मोठी गाडी तोच चालवायचा. सांगून झाल्यावर पाइपाचं तोंड बोटाने दाबून चाकं धुऊ लागला.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"आला न. चार-पाच वर्षं आला. मग राग कुठी ठेवू, बॅगेत जागा नोती."

ती बॅग त्याने आमच्याकडेही कधी पूर्ण उघडली नाही. रोजचे कपडे वरून काढायचा, धुऊन परत वर ठेवायचा. तळाशी काय आहे, त्यालाही माहीत नसावं.

त्याची मराठी हे एक वेगळंच प्रकरण होतं. आई-बाप ज्या वर्षी निघाले त्या वर्षाची वऱ्हाडी त्याच्या तोंडात जशीच्या तशी राहिली होती. अकोल्याचे चुलतभाऊ फोनवर त्याला हसायचे, म्हणायचे, असं आता म्हातारेही बोलत नाहीत. माझी बायको कोल्हापूरची. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा तिने वाढता वाढता विचारलं, "भाजी तिखट झालीय का?" तर हा म्हणाला, "नाई वैनी, भाजी गोड हाये, तिखट असंन तं आना." तिने तिरमिरीत ठेचा आणून ठेवला. तो त्याने भातात कालवून खाल्ला, घाम पुसला आणि आणखी मागितला. त्या दिवसापासून सामन्याच्या आदल्या दुपारी त्याचं पान आमच्याकडे ठरून गेलं.

संघात त्याने एक मराठी शब्द रुजवला. गोलकीपरला तो 'मालक' म्हणायचा. त्याचं म्हणणं, गोल हे घर, ते गोलकीपरचं, आपण नुसते दाराशी उभे. गोलकीपर होता चोवीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन, इथलाच. त्याला अर्थ सांगितल्यावर तो इतका खूश झाला की हेल्मेटवर इंग्रजी अक्षरांत तो शब्द रंगवून घेतला. मग प्रेक्षकही ओरडायला लागले. गावातले मेंढपाळ 'मॅलक, मॅलक' असं गर्जायचे, तेव्हा मला प्लांट रूममध्ये हसू आवरत नसे.

पण पहिल्या हिवाळ्यात लोक त्याच्यावर नाराजच होते. बाहेरून एवढा आणला, आणि गोल एकही नाही. "ही इज अ बिट स्लो, मेट," असं मला कॉफी घेताना दोघातिघांनी ऐकवलं, जणू मीच त्याला आणला होता. मी कोचला विचारलं. कोच उंच, मितभाषी, मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेला माणूस. तो म्हणाला, "तो बर्फावर असताना आपल्यावर किती गोल झाले, ते बघ." मी पुढच्या सामन्यात बघितलं. एकही नाही. त्यानंतर बघत राहिलो. कबड्डी पाहत मोठा झालेला माणूस मी. कोपरारक्षक न हलता चढाई करणाऱ्याला कसा आपल्याकडे ओढतो, हे मला ठाऊक होतं. हा तेच करायचा. अंगावर धावून जायचा नाही. समोरच्याला एक वाट मोकळी दाखवायचा, आणि ती वाट भिंतीकडे जायची.

दुसऱ्या हिवाळ्यासाठी कोचने त्याला पुन्हा बोलावलं. एकाच संघाने दुसऱ्यांदा बोलवायची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. पत्र आलं तेव्हा खोटं वाटलं, म्हणून त्याने कोचला फोन करून खात्री केली होती.

रोज सकाळी रिंक उघडायच्या आधी तो बर्फावर पालथा पडायचा आणि कान लावायचा. मी आधी थट्टा केली. मग ऑगस्टमध्ये एके दिवशी तो उठून थेट माझ्याकडे आला.

"भाऊ, तुमचं एक मशीन कन्हून रायलं."

"कुठलं?"

"ते नाई सांगता येत. पन आवाज बर्फात येते."

मला राग आला. नऊ वर्षं मी ती मशीनं सांभाळतोय, आणि हा मला सांगणार. खरं म्हणजे एक नंबरच्या कॉम्प्रेसरच्या बेअरिंगचा आवाज मलाही लागला होता. पण ते बदलायचं तर चार दिवस प्लांट अर्धा बंद ठेवावा लागला असता, आणि हंगाम संपायला पाचच आठवडे होते. मी ठरवलं होतं, तेवढं निघेल. "तू तुझं दार सांभाळ, मी माझं बघतो," असं मी तोडून बोललो. तो "बरं" म्हणाला आणि गेला. पुन्हा विषय काढला नाही.

अंतिम सामना आमच्या रिंकवर होता. सप्टेंबरचा रविवार, दुपारी चारला. समोर ऑकलंडचा संघ, सगळे विशी-बाविशीचे, वाऱ्यासारखे. आणि त्या सकाळी खराखुरा वाराही सुटला. इकडे डोंगरावरून वायव्येचा वारा येतो, कोरडा आणि गरम. हिवाळ्याच्या शेवटी एका दिवसात अंगावरचं स्वेटर उतरवायला लावतो. नऊ वाजता पत्र्याला हात लावला तर ऊन लागला. साडेनऊला एक नंबरच्या कॉम्प्रेसरमधून दगड भरडल्यासारखा आवाज आला आणि तो बंद पडला.

बेअरिंग गेलं होतं. नवीन ऑकलंडहून मंगळवारी मिळणार होतं. उरलेला एक कॉम्प्रेसर जीव तोडून चालत होता, तरी अकरा वाजेपर्यंत बर्फावर पाण्याचा पापुद्रा धरला. लीगचा नियम साफ होता: यजमानांना खेळण्याजोगा बर्फ देता आला नाही, तर कप पाहुण्यांचा. मी बादली उपडी घालून तिच्यावर बसलो. गावात पोरांनी दुकानांच्या काचा रंगवल्या होत्या. हे सगळं माझ्या एका हट्टापायी जाणार होतं.

तो आला. या वेळी सरळ. मी मान वर केली नाही. त्याने सांगितलं होतं, आणि आता तो ते म्हणणार, याची मी वाट बघत होतो.

"दुसरं चालू हाये न?" त्याने विचारलं.

"आहे. पण पुरणार नाही."

"थांबा जरा."

त्याने बूट काढले आणि नुसत्या मोज्यांनी बर्फावर उतरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग एक पाऊल बाजूला, मग परत. पेरणी करणाऱ्यासारखा त्याने सगळा बर्फ चालून काढला. मोजे पिळत परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. मी त्याला इतकं आनंदात पूर्वी पाहिलं नव्हतं.

"मेला नाई बर्फ. पश्चिमेचा पत्रा वाऱ्यानं तापला, त्या भितीपाशी पानी हाये. मधी बरा हाये. भाऊ, असा बर्फ मी सहा वर्षं खेळलो. त्या ऑकलंडच्या पोरायनं जन्मात नसंन पायला!"

मग तो भराभर सांगत गेला. दिवे बंद. दारं बंद, चार वाजेपर्यंत आत कुणी नाही. बर्फ घासायची गाडी घासल्यावर गरम पाण्याचा थर देते, तो आज द्यायचा नाही, कोरडंच घासायचं. "अन् तुमी छपरावर जा. ते गरम हवा फेकनारं खोकं हाये न वर, त्याच्यावर थंड पानी मारत बसा."

हे मला सुचायला हवं होतं. कंडेन्सर थंड राहिला की उरलेल्या कॉम्प्रेसरचं अर्धं ओझं उतरतं. मी उठलो.

तेवढ्यात कोच आला. मी त्याला सगळं सांगितलं, आवाज मला ऑगस्टपासून माहीत होता हेही. तो काही बोलायच्या आत हा मधे पडला. इंग्रजीत म्हणाला, सगळ्यांचे स्केट्स माझ्याकडे द्या, मला धार बदलायचीय.

स्केटच्या पात्याला दोन कडा असतात आणि मधे खोबण. खोबण खोल असेल तर कडा बर्फात रुततात. कडक बर्फावर ते बरं, पण मऊ बर्फावर पाय अडकतो आणि मांड्या भरून येतात. अठरा जणांची धार त्याला उथळ करून हवी होती. कोचचा चेहरा पडला. अंतिम सामन्याला चार तास असताना मुलांच्या पायाखालची सवय बदलायची?

"तुझी खात्री आहे?"

"फ्रान्समध्ये आम्ही हेच करायचो."

कोचने माझ्याकडे पाहिलं. सकाळीच ज्याने एवढा घोळ घातला होता त्या माझ्याकडे. मी म्हणालो, "मला स्केट्समधलं कळत नाही. पण हा बर्फ माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतो."

"स्वीट अ‍ॅज," कोच म्हणाला, म्हणजे ठीक आहे, आणि स्केट्स गोळा करायला गेला.

साडेतीन वाजेपर्यंत मी छपरावर पाइप धरून उभा होतो. वारा पाणी माझ्याच अंगावर फेकत होता. खाली धार लावायच्या चाकाचा आवाज एकसारखा येत होता. छत्तीस पाती. शेवटची जोडी त्याने स्वतःची लावली.

पंच एक बाई होत्या, पन्नाशीच्या, करड्या. त्यांनी टाचेने बर्फ खरवडला आणि नापसंतीने बघितलं. ऑकलंडच्या कोचचं म्हणणं पडलं की हे खेळण्याजोगं नाही. बाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि आमच्या संघातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला, म्हणजे याला, विचारलं, "तू खेळशील यावर?"

"मॅडम, याहून वाईट बर्फावर मी उदरनिर्वाह केलाय."

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी शिट्टी तोंडात घातली.

पाचव्या मिनिटाला आपल्यावर गोल झाला. बर्फ तेव्हा अजून धरून होता आणि ती पोरं खरंच वाऱ्यासारखी होती. मग हळूहळू पाणी वर आलं. त्यांचे पाय रुतू लागले, चकती त्यांच्या काठीपासून मागे राहू लागली. आमचे सुतार आणि शिक्षक मात्र सरकत होते. चकती घेऊन पळायचं नाही, जवळच्याला द्यायची, लांब द्यायची तर हवेतून, एवढंच त्याने त्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या सत्रात बरोबरी झाली. तिसऱ्या सत्रात शाळेतल्या पीटीच्या मास्तरांनी गोलच्या तोंडाशी गर्दीतून चकती आत ढकलली. दोन-एक. प्रेक्षकांच्या बाकांवर माझी बायको कुणा अनोळखी मेंढपाळाचा दंड धरून उड्या मारत होती.

शेवटचं मिनिट. ऑकलंडने आपला गोलकीपर काढून त्याच्या जागी चढाईला सहावा गडी आत घातला. त्यांचा सगळ्यात वेगवान पोरगा मधून चकती घेऊन सुटला. त्याच्या आणि गोलच्या मधे फक्त हा, मागे मागे सरकत. मी कठड्याला धरून उभा होतो. याने काठी उजवीकडे टाकली आणि डावी बाजू उघडी सोडली. सताड. प्रेक्षकांतून कुणीतरी किंचाळलं. पोरगा डावीकडे वळला, पश्चिमेच्या भिंतीकडे, आणि तिथल्या पाण्यात चकती अशी बसली जशी चिखलात चप्पल. पोरगा पुढे निघून गेला. चकती मागे राहिली.

याने ती उचलल्यासारखी काठीवर घेतली. घाई नाही. समोर अख्खा रिंक, आणि टोकाला रिकामा गोल. त्याने चकती हवेतून भिरकावली. ती मध्यरेषेच्या पुढे पडली, पाणी उडवत सरकत गेली, हळू झाली, आणखी हळू झाली, आणि गोलच्या रेषेपासून वीतभर अलीकडे थांबली. तेवढ्यात भोंगा वाजला.

दोन हंगामांत त्याच्या नावावर गोल शून्य. तो शून्यच राहिला. पण त्याचं त्याला काही नव्हतं. 'मॅलक, मॅलक' अशा गजरात सगळे गोलकीपरवर पडले, आणि हा जिथे उभा होता तिथेच, पाण्यात, फतकल मारून बसला. कोच उठवायला गेला तर म्हणाला, "बसू द्या." भाषा मराठी होती, पण कोचला समजलं. तो त्याच्या शेजारी, चांगल्या पँटनिशी, ओल्या बर्फावर खाली बसला.

कप मिळाला तेव्हा त्याने मला हाक मारली. मी गमबूट घालून, छपरावरचं पाणी अंगावर, बर्फावर गेलो. "तू सांगितलं होतंस," मी म्हणालो. "मी ऐकलं नाही."

"भाऊ, बेरिंग तवाच बदललं असतं," तो म्हणाला, "तं आज बर्फ चांगला रायला असता. अन् चांगल्या बर्फावर त्या पोरायनं आपल्याले सहा-एकनं हरवलं असतं." आणि इतका मोठ्याने हसला की बाजूचे लोकही हसायला लागले. मग कप माझ्या हातात दिला. मला तो अपेक्षेपेक्षा जड लागला.

सप्टेंबरच्या शेवटी तो गेला. खेळणं त्याने त्याच सामन्याला थांबवलं. आता कॅनडात, आई-बापांच्या गावात, तिथल्या रिंकचा बर्फ तो करतो. कॉम्प्रेसरचा आवाज रेकॉर्ड करून मला पाठवतो, आणि मी तो दोनदा ऐकून मगच उत्तर देतो.

तो गेल्यानंतरची एक गोष्ट राहिली. कपाच्या लाकडी बैठकीवर दरवर्षी जिंकलेल्या संघातल्या सगळ्यांची नावं पितळी पट्टीवर कोरायची रीत आहे. ख्राइस्टचर्चला जायचं काम कोचने माझ्याकडे दिलं. मॉलमधल्या दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने यादी वाचली आणि याच्या नावाशी थांबला. पेन्सिलीने अक्षरं मोजली. आडनाव लांब, नाव त्याहून लांब.

"हे बसणार नाही. पहिली अक्षरं घालू. चालतं ना तसं?"

मी सांगितलं की सतरा वर्षं तसंच चाललं होतं. जर्सीवर तीन-चार अक्षरं शिवायचे, आणि काही महिन्यांनी तीही उसवायचे.

कारागिराने चष्मा काढला. "पूर्ण घालायचं तर सगळ्यांचीच अक्षरं बारीक करावी लागतील. बाकीच्या सतरा जणांची. विचारा त्यांना."

मी दुकानाबाहेर येऊन कोचला फोन लावला आणि अडचण सांगितली. पलीकडे मेंढ्या ओरडत होत्या.

"मग बारीक कर," तो म्हणाला. "सगळ्यांची."